मामाचं पत्र नसलेल्यांसाठी कॉन्फरन्स

गोषवारे पाठवायच्या तारखा जवळ आल्या की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. "ताई, कॉन्फरन्सला जाऊ का? जाण्यायेण्याचे, राहण्याचे पैसे जातील. सर्टिफिकेट सोडून काही मिळतं का?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा या वेळी एकदाच नीट लिहिते. विषय वन्यजीव संवर्धनातल्या परिषदांचा आहे, कारण मला तेवढंच माहीत आहे. पण तुम्ही रसायनशास्त्राचे असाल तरी बरंचसं लागू पडेल.

आधी माझी गोष्ट सांगते. मी पालीची. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालात की बिंदुसरा धरण लागतं, तेच आमचं गाव. धरणामुळे लोकांना वाटतं मी पाणपक्ष्यांवर काम केलं असेल. मी केलं माळटिटवीवर. तुम्ही शेतात, तळ्याकाठी जी आरडाओरडा करणारी टिटवी बघता ती वेगळी. माळटिटवी शांत असते, कोरड्या माळावर राहते, डोळ्यांपुढे पिवळे गलोल लोंबतात आणि डोक्यावर काळी टोपी असते. उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुतेक वेळा चार. ती बसून राहिली तर दहा पावलांवरून दिसत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच माझं डोकं फिरणार आहे.

एम.एस्सी.च्या डिझर्टेशनसाठी मी गावाभोवतालच्या माळाचे वीस तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात एकेका सकाळी गेले आणि टिटवी दिसली की नाही ते लिहिलं. नांगरट झालेल्या भागात ती फारशी दिसली नाही. निष्कर्ष माझ्या मते सरळ होता: नांगरट वाढली, माळटिटवी घटली. त्याचं पोस्टर केलं आणि ते बेंगळुरूच्या स्टुडंट कॉन्फरन्स ऑन कन्झर्वेशन सायन्सला निवडलंही गेलं. पोस्टर छापायला बीडच्या एका फ्लेक्सवाल्याकडे गेले तर त्याने विचारलं, "वर फोटो कुणाचा टाकू?" आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे वाढदिवस नाहीतर निवड. मी म्हटलं, टिटवीचा टाका. अण्णांचं म्हणणं वेगळं होतं: "पक्षी आपल्या माळावर, अन् दाखवायला बेंगळूरला कशाला जायलीस?" तेव्हा बीडला रेल्वे आलेली नव्हती. एस.टी.ने सोलापूर, तिथून उद्यान एक्सप्रेस, आणि पूर्ण वेळ मांडीवर फ्लेक्सची नळी.

पहिला दिवस मी चहाच्या टेबलाजवळ काढला. सगळे एकमेकांना ओळखत होते. कुणी कुणाबरोबर इंटर्नशिप केलेली, कुणी एकाच फील्ड स्टेशनवर राहिलेले. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं, बोलताना वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असायचा. माझ्या पोस्टरपुढे जे थांबले त्यांनी टिटवीचा फोटो बघितला, "नाइस" म्हणाले आणि सरकले.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. त्यांनी पोस्टर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत विचारलं, "जिथे टिटवी नाही असं लिहिलंयस, तिथे ती नव्हती, की तुला दिसली नाही?"

मी म्हटलं, मी नीट बघितलं होतं.

"किती वेळा?"

"एकदा."

त्या तिथेच पायरीवर बसल्या, मलाही बसवलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडायला लागल्या. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. कॉन्फरन्समधलं मेंटॉरिंग म्हणजे काय हे त्या वीस मिनिटांवरूनच समजेल, म्हणून त्यांनी काय मांडलं ते आधी समजावते. आकडे नुसते उदाहरणादाखल आहेत.

धरा की एखाद्या तुकड्यात टिटवी नक्की आहे. तुम्ही एका सकाळी गेलात तर ती दिसण्याची शक्यता ४० टक्के. म्हणजे ती असूनही हुकण्याची शक्यता ६० टक्के. तीनदा गेलात तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे साधारण २२ टक्के. पाचदा गेलात तर ८ टक्क्यांच्या आत येते. आता उलटं बघा. वीस तुकड्यांत एकेकदा जाऊन तुम्हाला सहा ठिकाणी टिटवी दिसली. दर फेरीला दिसण्याची शक्यता ४० टक्के असेल, तर ती प्रत्यक्षात पंधरा तुकड्यांत असू शकते. तुम्ही "सहा ठिकाणी आहे, चौदा ठिकाणी नाही" असं छापून मोकळे होता.

याहून वाईट म्हणजे नांगरलेल्या ढेकळांत टिटवी आणखी कमी दिसत असेल, तर माझा सगळा निष्कर्ष हवेत. नांगरटीमुळे टिटवी कमी झाली की नांगरटीमुळे मला ती कमी दिसली? एकेका फेरीच्या नोंदींतून या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. त्याच तुकड्यात, त्याच हंगामात पुन्हापुन्हा गेलं तर येतात. कारण मग काही तुकड्यांत एका फेरीला दिसली, दुसऱ्या फेरीला हुकली अशा नोंदी मिळतात आणि त्या हुकण्यावरूनच दिसण्याची शक्यता काढता येते. अट एवढीच की त्या काळात पक्ष्याने तुकडा सोडून जाऊ नये. डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या पद्धतीचा पेपर लिहिला. आज ऑक्युपन्सी मॉडेल या नावाने वाघापासून बेडकापर्यंत ती वापरतात. मी एम.एस्सी. संपवत आणली होती आणि हे नाव मी ऐकलेलंही नव्हतं.

रडू येईल असं वाटत होतं. बाईंना ते दिसलं असावं. पण त्यांनी "काम छान आहे" वगैरे म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुझं घर या माळाला लागून आहे ना? मग तू रोज जाऊ शकतेस. इथल्या मुलांना एका फेरीसाठी गाडी, परवानगी, फंड लागतो." माझ्याकडे काहीतरी आहे, हे कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. मग त्यांनी आपला ईमेल लिहून दिला, दोन पेपरांची नावं लिहिली आणि दोन गोष्टी बजावल्या. आधी गाइडला सांग. आणि पुढच्या हंगामात काय करशील ते आठवड्याभरात एका पानात लिहून पाठव.

परतीच्या गाडीत मला सलीम अलींची गोष्ट आठवत होती. शाळेत आपल्याला ती चिमणीची गोष्ट म्हणून सांगतात. १९०८ साली छोट्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, ती कोणती म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली आणि त्यातून पुढे पक्षितज्ज्ञ घडला. गोष्ट खरी आहे. पण मधला एक दुवा आपण घाईत वगळतो. सलीम मिलार्डकडे आपोआप पोचला नाही. त्याचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी ओळखीचं पत्र दिलं, ते घेऊन मुलगा गेला.

लहानपणी आपण गोल बसून 'मामाचं पत्र' खेळलोय. इथे ते पत्र खरंखुरं होतं. सलीम अलींची हुशारी, कष्ट, काहीच कमी लेखायचं नाही मला. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून पुढे नोकरी नाकारली गेली, तेव्हा ते स्वतः बर्लिनला स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. पण पहिलं दार पत्राने उघडलं. आता सांगा, पालीतल्या, किनवटातल्या, जतमधल्या पोरीचा कोणता मामा अशा सोसायटीचा सदस्य असतो? माझे दोन्ही मामा ऊसतोडीला जायचे. पत्र द्यायची त्यांची इच्छा असती तरी द्यायचं कुणाच्या नावाने?

माझ्या मते चांगल्या परिषदेचं सगळ्यात मोठं काम हेच आहे: ज्यांना मामा नाही त्यांना ते पत्र देणं. निकालांचं सादरीकरण पेपरमध्येही होतं. ओळख मात्र माणसाने माणसाशी करून द्यावी लागते.

मी गेले ती परिषद मुळात याच हेतूने उभी राहिलेली आहे. ती २००० साली केंब्रिजमध्ये सुरू झाली आणि २०१० पासून तिची बहीण बेंगळुरूत भरते. रचना नेहमीच्या उलट: मंचावर बोलतात विद्यार्थी, ज्येष्ठ बहुतेक वेळ श्रोत्यांत असतात. मोजकी भाषणं ज्येष्ठांची, शिवाय आकडेशास्त्र, लेखन वगैरेंच्या कार्यशाळा. आफ्रिका आणि आशियातल्या इतर देशांतूनही मुलं येतात. मोठ्या परिषदेत तुमच्या पोस्टरपुढे कुणी ज्येष्ठ थांबला तर नशीब. इथे तो त्याच कामासाठी आलेला असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला ज्या परिषदा असतात त्या तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असतील. सकाळी दीपप्रज्वलन, सत्कार, दुपारी एका खोलीत प्रत्येकी पाच मिनिटांत वीस सादरीकरणं, संध्याकाळी सर्टिफिकेट. काहींत तर सादर करणाऱ्यांशिवाय खोलीत कुणी नसतं. याला मुलंच जबाबदार नाहीत. यूजीसीच्या २०१६च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध आणि दोन परिषदांत सादरीकरण बंधनकारक होतं. साहजिकच दोन सर्टिफिकेटं ही एक वस्तू झाली आणि वस्तूचा बाजार भरला. २०२२च्या नियमांनी ती सक्ती काढली, तरी तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम काय आहेत ते तपासून घ्या. सर्टिफिकेट हवं असेल तर जवळची, स्वस्त परिषद निवडा आणि मनाला लावून घेऊ नका. पण पदरचे पैसे घालून लांब जाणार असाल तर जाण्याआधी एकच गोष्ट बघा: कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरांना आणि मधल्या सुट्यांना किती वेळ ठेवलाय. चहाला दहा मिनिटं आणि सत्काराला तासभर असेल तर समजून जा.

आता एक प्रश्न हमखास येतो: "गाइड असताना मेंटॉर कशाला?" यात गाइडवर अविश्वास दाखवायचा नाही. गाइडची सही तुमच्या प्रत्येक कागदावर लागते. सहामाही अहवाल, फेलोशिपचा फॉर्म, प्रबंध. सही करणाऱ्या माणसापुढे "मला हे कळलं नाही" म्हणणं अवघड जातं आणि सही करणाऱ्यालाही "हे चुकलंय" म्हणणं कधीकधी अवघड जातं, कारण विषय त्यानेच मंजूर केलेला असतो. बाहेरच्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं. म्हणून त्या बाई मला पाच मिनिटांत जे विचारू शकल्या ते वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. बाहेरच्या माणसाची मर्यादाही तीच. तो बोलून निघून जातो, निस्तरायचं तुम्हाला असतं.

मला निस्तरावं लागलं. आल्यावर गाइड सरांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सबमिशनला दीड महिना राहिलाय." पुन्हा फील्ड करणं शक्य नव्हतं, हंगामही गेला होता. दोन पर्याय होते: आहे तसं देऊन मोकळं व्हायचं, नाहीतर निष्कर्ष छाटायचा. आठवडाभर मी आहे तसंच द्यावं या बाजूला होते, हे कबूल करते. पोस्टर तेच म्हणत होतं, गावात सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि टिटवी घटली हे ऐकायला वजनदार वाटत होतं. शेवटी मी बाईंना जे एक पान पाठवायचं होतं ते लिहायला बसले, आणि त्या पानावर "मागच्या वर्षी मी दाखवून दिलं की..." हे वाक्य काही केल्या पुढे जाईना. डिझर्टेशनमधून 'घटली' हा शब्द मी काढून टाकला. शीर्षक बदललं. मर्यादांचं प्रकरण दोन ओळींवरून तीन पानांचं झालं. परीक्षेत मार्क थोडे कमी पडले असतील, मला माहीत नाही. ते एक पान मात्र पुढे माझ्या पीएच.डी.च्या प्रस्तावाचं पहिलं पान झालं. आता मी प्रत्येक तुकड्यात हंगामाला पाच फेऱ्या करते.

तर तुम्ही काय करायचं? मी केलेल्या चुकांवरून सांगते.

जाण्याआधी गोषवाऱ्यांची यादी येते. ती शेवटपर्यंत वाचा आणि तीनच नावं काढा. सगळ्यात प्रसिद्ध नावं काढू नका, त्यांच्याभोवती रांग असते. तुमच्यासारख्या जागेत किंवा तुमच्यासारख्या पद्धतीने काम केलेली माणसं शोधा, तुमच्यापेक्षा पाच-सात वर्षं पुढे असलेली. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातली मुलगी तुम्हाला जे सांगेल ते प्राध्यापक विसरून गेलेले असतात: परवानगीचा अर्ज वनविभागात कुणाच्या नावे करायचा, मंजुरीला खरोखर किती महिने लागतात, फील्ड असिस्टंटला पैसे कसे द्यायचे. चार दिवस आधी दोन ओळींचा ईमेल टाका. "मी अमुक, माझं पोस्टर तमुक, या एका गोष्टीवर दहा मिनिटं मिळतील का?" उत्तर आलं नाही तरी समोर गेल्यावर "मी मेल केला होता" म्हणता येतं, आणि बोलायला सुरुवात लागते ती तेवढीच. काही परिषदांत तर नोंदणीच्या फॉर्मवरच मेंटॉर हवा का असं विचारतात. तिथे संकोच करू नका.

प्रश्न एकच न्या, पण तो दहा मिनिटांत उत्तर देता येईल असा न्या. "सर, करिअरसाठी काय करू?" याला कुणीच चांगलं उत्तर देऊ शकत नाही, तुम्हाला "मेहनत करा" एवढंच मिळेल. "माझ्याकडे वीस जागा आणि दोन महिने आहेत, जागा वाढवू की फेऱ्या वाढवू?" याला मिळतं. आपली वही, नकाशा, डेटाशीट बरोबर ठेवा आणि उघडून पुढे करा. तोंडी सांगताना आपण चूक नकळत झाकतो, वहीत ती दिसते.

भाषेचं म्हणाल तर मला आता वाटतं मी पहिला दिवस उगाच वाया घालवला. सुरुवातीलाच सांगून टाका की मी हळू बोलते. हिंदी चालेल का विचारा. ज्यांना बोलायचंय ते थांबतात.

मराठीतूनच हा अनुभव घ्यायचा असेल तर महाराष्ट्र पक्षिमित्रची संमेलनं आहेत, १९८१ पासून चालू. तिथलं वातावरण अगदी वेगळं. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वनरक्षक, शेतकरी, कॉलेजची पोरं, सगळे एका पंगतीत. तिथे तुम्हाला मॉडेल कुणी शिकवणार नाही कदाचित, पण एखाद्या तळ्यावर वीस वर्षं जाणारा माणूस भेटेल, आणि तुमच्या पीएच.डी.च्या तीन हंगामांना तो जे विचारेल त्याने घाम फुटेल. मी तर म्हणेन आधी इथे जा, मग बेंगळुरूला.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, कारण या बोलल्या जात नाहीत. एक, कुणी कितीही मोठा असला तरी कच्चा डेटा, विशेषतः घरट्यांच्या किंवा दुर्मीळ प्रजातींच्या नेमक्या जागा, चहाच्या कपावर देऊन टाकू नका. गाइडला विचारून, लेखी ठरवून. दुसरी, मुलींसाठी जास्त पण फक्त मुलींसाठी नाही: मार्गदर्शन उघड्यावर होतं. कॅन्टीन, व्हरांडा, पोस्टर हॉल. हॉटेलच्या खोलीत, रात्री, एकटीने असं कुणी सुचवलं तर ते मार्गदर्शन नाही. नाही म्हणा आणि आयोजकांपैकी एखाद्या बाईंना सांगा. त्याने तुमची संधी जाईल ही भीती मला कळते. ती संधी नव्हती.

परत आल्यावरचं काम सगळ्यात जास्त जण टाळतात. आठवड्याच्या आत लिहा. आभाराचा मेसेज पुरेसा नाही. त्यांनी सांगितल्यातलं तुम्ही काय केलं, काय जमलं नाही, ते चार ओळींत. बाईंनी मला नंतर सांगितलं की त्या दरवर्षी दहा-बारा मुलांना ईमेल लिहून देतात आणि दोघं-तिघं लिहितात. त्यांना तुमच्या हुशारीचा अंदाज पोस्टरवरून येत नाही, या चार ओळींवरून येतो.

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. नव्या मुलांना भेटायला आम्हा पीएच.डी.वाल्यांना बसवलं होतं. माझ्याकडे परभणीकडचा एक मुलगा आला, गावोगावच्या जुन्या बारवांमधली वटवाघळं मोजणारा. संध्याकाळी बारवेच्या तोंडाशी बसायचं आणि बाहेर पडणारी मोजायची. विषय ऐकून मी इतकी खूश झाले की वीस मिनिटं एकटीच बोलत राहिले. कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं पॅकेज, मॉडेल कसं बसवायचं. तो मान डोलवत होता. "हो ताई, हो ताई." रात्री जेवताना त्याच्या मित्राकडून कळलं की त्याच्याकडे लॅपटॉपच नाही, नोंदी शंभर पानी रजिस्टरमध्ये आहेत. म्हणजे माझ्यापुढे ज्यांनी "नाइस" म्हणून पाय काढला होता त्यांच्यापेक्षा मी फार वेगळं काही केलं नव्हतं, फक्त जास्त वेळ घेतला होता.

सकाळी त्याला शोधून काढलं. या वेळी आधी रजिस्टर बघायला मागितलं. हिशोब कागदावरच केला: किती बारवा, प्रत्येकीला किती फेऱ्या, कोणत्या महिन्यात. रकाने कसे आखायचे ते त्यानेच ठरवलं. मला सुचले नव्हते असे दोन रकाने त्याने जोडले, बारवेत पाणी किती आणि त्या दिवशी बारवेवर कुणी आलं-गेलं का.

दिवाळीनंतर त्याने एका पानाचा फोटो पाठवला. आठ बारवा, पाच फेऱ्या, निळ्या शाईने भरलेले आकडे. एका बारवेच्या तिसऱ्या फेरीपुढे शून्य होतं आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पाऊस आला, मोजता आलं नाही.' मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, ते शून्य खोड, तो रकाना मोकळा ठेव. तो म्हणाला, "पण ताई, गेलो तर होतोच की मी." मग आम्ही त्या एका शून्यावर पाऊण तास बोललो.